सरस्वतीला एक खण

जळगावच्या आमच्या शाळेत वरच्या वर्गांबाहेर एक लांब, अंधारी पडवी होती. तिच्या भिंतीला लागून सागवानी कपाट उभे होते. कपाट कसले, साठ खणांची दुसरी भिंतच ती. प्रत्येक खणाला हातभर दार, दाराला कडी, कडीला ज्याचे त्याचे कुलूप. खेड्यापाड्यांतून शिकायला आलेल्या मुलांना पुस्तके ठेवण्यासाठी हे खण मिळत. मी शहरातला, मला खण नव्हता. तरी शाळा सुटल्यावर माझा वेळ त्या पडवीतच जाई, कारण खालून दुसऱ्या ओळीतला एक खण माझ्या मित्राचा होता.

आज तो कुठे आहे मला ठाऊक नाही. धुळ्याला गेलो की आग्रा रोडवर मी अजून माणसांचे चेहरे पाहत चालतो. पत्रके लिहिण्याचा माझा उद्योग चालूच आहे, आणि मसुदा तयार झाला की तो वाचून दाखवायला मला तोच हवा असतो. बाकीचे लोक माना डोलावतात. त्याने काय म्हटले असते ते मला पक्के सांगता येईल, पण ते त्याच्या तोंडून ऐकायची मला अजून भूक आहे.

तो पहूरकडचा, शेतकऱ्याचा मुलगा, त्याच्या घरात शाळेचे तोंड पाहिलेला पहिलाच. जळगावात एका जिनिंग कारखान्याच्या आवारात तो झोपे. तिथे त्याचा आतेभाऊ पहारेकरी होता. घरून कापसाच्या गाड्या जिनला येत, त्यांच्याबरोबर आई भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी धाडी. आवारात कापसाचे ढीग, म्हणून दिवा लावायला सक्त मनाई. मग तो पहाटे शाळेत येऊन पडवीत बसे आणि संध्याकाळी शिपाई हाकलीपर्यंत तिथून हलत नसे. त्या खणात त्याची पुस्तके होती, दुसरा सदरा होता, चटणीची बरणी होती. "माझं बिऱ्हाड," असे तो खणाच्या दारावर टिचकी मारून म्हणायचा. मॅट्रिकची परीक्षा जवळ येत होती. तो पास झाला असता तर त्याच्या गावातला पहिला मॅट्रिक झाला असता, आणि पास होण्यासाठी त्याला त्या बिऱ्हाडाखेरीज दुसरे काही लागत नव्हते.

ते बिऱ्हाड वाळवीने आतून पोखरले. मुलांना कुणकुण होती. दार उघडले की फळीवर मातीची बोटभर जाड नळी दिसायची, ती पुसली की दुसऱ्या दिवशी पुन्हा तयार. दिवाळीच्या सुट्टीनंतर एके सकाळी प्रार्थना चालू असताना खालची सगळी ओळ खाली बसली. हेडमास्तर आले. त्यांनी लाकूड ठणठणीत आहे का हे पाहायला छडीने टोचले, तर छडी आरपार गेली. मुले हसली, हेडमास्तरही हसले. मग त्यांनी छडी काढून भोकाकडे बराच वेळ पाहिले आणि कुणाला हसू उरले नाही.

शाळेच्या चालकांनी एका सुताराकडून नव्या कपाटाचा अंदाज मागवला. सागवानाचा आकडा वाचून अध्यक्षांनी कागदाची घडी घातली, ती टोपीत ठेवली, आणि तो कागद पुन्हा कुणी पाहिला नाही. त्याच महिन्यात कुणी मोठा साहेब शाळा पाहायला येणार होता. त्याच्यासाठी दारात कमान उभी राहिली. बांबू आले, जरीचे कापड आले, कागदी फुले आली, सगळे वेळेवर आले. साहेब अर्धा तास थांबला. साठ मुलांची पुस्तके वर्षभर थांबणार होती, त्यांच्यासाठी मात्र हुकूम निघाला की सोमवारपासून ज्याने त्याने आपापली पुस्तके घरी न्यावीत. घर म्हणजे काय हे त्या हुकूम काढणाऱ्यांना विचारावे, असे मला तेव्हा वाटले. आजही वाटते.

आमचे ड्रॉइंग मास्तर शहाणे गृहस्थ. त्यांनी हेडमास्तरांना गळ घालून एक सभा बोलावली. मुले, मास्तर, दोन-चार पालक. स्वस्तात काय करता येईल ते ज्याने त्याने सांगावे. एक जण म्हणाला, भिंतीत कोनाडे खोदू. हेडमास्तर म्हणाले, "भिंत आधीच आपल्यावर रुसली आहे, तिला डिवचू नका." एक जण म्हणाला, घासलेटचे रिकामे डबे आडवे कापून टांगू. त्याच्याच हाताला डबा कापताना झालेली जखम होती, ती त्याने लपवली. मग मागच्या बाकावरून एक किराणा व्यापारी उठले. मारवाडातून येऊन दोन पिढ्या झालेले, त्यांचा मुलगा आमच्या वर्गात होता.

"भाऊ, माझ्या वखारीत घासलेटची लाकडी खोकी पडून आहेत," शेठजी म्हणाले. "दोन दोन डबे मावतात एकेकात. सध्या उंदीर राहतात. पोरांची पुस्तकं राहिली तर मला बरंच वाटेल. घेऊन जा, काही नको."

सभा तिथेच संपायची. मी संपू दिली नाही. त्या खोक्यांवर परदेशी कंपनीचा ठळक शिक्का असे, तो मी बाजारात पाहिलेला होता. आमच्या घरी मी अक्षरे शिकलो ती काकांनी आणलेल्या हस्तपत्रकांवर. पत्रकातल्या वाक्यांत बोलायची मला लहानपणापासून सवय. मी उभा राहिलो आणि म्हणालो की ज्या लाकडावर परक्याचा शिक्का आहे त्यात आमची विद्या कोंडायची नाही. जळगाव शहर एवढे दरिद्री झालेले नाही. देशी लाकूड देशी माणसांकडून मागून आणू. टाळ्या पडल्या. शेठजी शांतपणे खाली बसले. मित्रानेही टाळ्या वाजवल्या, मी पाहिल्या.

सभेनंतर तो माझ्याबरोबर चौकापर्यंत चालत आला.

"बोललास छान. सोमवारी मी पुस्तकं कुठे ठेवू तेवढं राहून गेलं तुझ्या भाषणात."

"पंधरा दिवस दे. पत्रक काढतो. प्रत्येक घरात एखादी जादा फळी असतेच."

"आणि पंधरा दिवस?"

"आमच्याकडे ठेव की."

"पहाटे चारला तुमच्या ओसरीवर वाचत बसू? तुझे आजोबा चोर म्हणून धरतील मला." तो हसला. आमच्या घरी त्याला ओसरीच्या आत कधी कुणी बोलावले नव्हते आणि त्याचा चहाचा पेला वेगळा ठेवला जाई. हे दोघांनाही माहीत होते. तो बोलला नाही. सभेत एवढे बोलणारा मी, मीही बोललो नाही.

पत्रक मी एका रात्रीत लिहिले. छापखानेवाल्याने लग्नपत्रिकांचे उरलेले गुलाबी कागद दिले. छापून आले तसे मी पहिले पत्रक मित्राला दाखवले. त्यातला मजकूर मला अजून तोंडपाठ आहे:

"बंधुभगिनींनो, जळगावात आज सरस्वती उघड्यावर पडली आहे. तिची लाज राखणे आपल्या हाती आहे. प्रत्येक घराने तिला एक खण द्यावा. खण रविवारी सकाळी शाळेच्या दारात स्वीकारले जातील."

त्याने दोनदा वाचले. "हे फळ्या मागायचं पत्रक आहे?"

"मग काय?"

"फळी कुठे आहे यात?"

"अरे, भाषेला जरा उंची नको?"

"उंची आहे. फळी नाही."

मी त्याला म्हणालो की साहित्यातले तुला कळत नाही. तो म्हणाला, "ते खरंच." आणि निम्मी पत्रके बगलेत मारून वाटायला गेला.

रविवारी आम्ही शाळेच्या दारात टेबल मांडले. फळ्यांच्या गाड्या येतील म्हणून मी रस्ता मोकळा ठेवायला सांगितला होता. पहिली आली ती एक म्हातारी, धुळ्याकडची असावी, हातात पितळी ताटली, ताटलीत तांदूळ, हळदकुंकू, आणि घडी घातलेला नवा कोरा चोळीचा खण.

"भाऊ, खण आठेच देवाना शे ना?"

खण इथेच द्यायचा ना, असे ती विचारत होती. "अक्का, हा खण नाही. आम्हाला लाकडाचा खण पाहिजे."

तिने माझ्याकडे, मग पत्रकाकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिले. "लाकूडनी चोळी शिवतस का रे भाऊ?"

माझा मित्र टेबलाखाली वाकला तो वर येईना. म्हातारीला मात्र हसू आले नाही. गुलाबी कागद, सरस्वती, उघडी, लाज आणि खण: कुणीही शहाण्या बाईने जे समजायचे तेच ती समजली होती. देवीची ओटी भरायची आहे. "पोथी काय, पुस्तक काय, बठ्ठी सरस्वतीच शे," ती म्हणाली. "तिले उघडी ठेवाले लाज नही वाटनी तुमले?" असे विचारून तिने ताटली टेबलावर ठेवली, टेबलाला हात जोडले आणि गेली.

तिच्यामागे बायका येतच राहिल्या. इरकली खण, चौकड्यांचे खण, लाल काठाचे हिरवे खण, कुणाचा धुऊन विटलेला पण इस्त्री केल्यासारखी घडी घातलेला. मला कुणालाही परत पाठवायचे धैर्य झाले नाही. मित्र शेजारी बसून घड्या रचत होता आणि डोळे पुसत होता. "सरस्वती आता चोळ्या बदलता बदलता दमणार," तो म्हणाला. दुपारपर्यंत टेबल दिसेनासे झाले. लाकूड म्हणाल तर एका गृहस्थाने जुन्या पाळण्याची फळी आणली. तिला वाळवी लागलेली होती.

ड्रॉइंग मास्तरांनी खण आपल्या पेटीत ठेवून दिले. मी दुसरे पत्रक लिहिले. त्यात फळी हा शब्द चार वेळा घातला. पण लोकांनी एकदा दिले होते. पुन्हा कशाला मागता, असा त्यांचा चेहरा. शेठजींचा मुलगा दोनदा म्हणाला, खोकी अजून आहेत. मी दोनदा नाही म्हणालो. दुसऱ्यांदा नाही म्हणताना मला बरे वाटत नव्हते हे मला चांगले आठवते, पण भर सभेत घेतलेल्या टाळ्या गळ्यात अडकलेल्या असतात, त्या गिळता येत नाहीत.

मित्राची पुस्तके तोवर जिनच्या आवारात, कापसाच्या गाठींवर, फडक्यात बांधून. हंगाम भरात होता. गाड्या रात्रभर लागत. तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी तो उशिरा शाळेत आला.

"आमच्याकडे एक बैल इंग्रजी शिकला," तो म्हणाला.

गाडीवानाने बैल सोडले, एकाने फडके ओढून खाली पाडले आणि इंग्रजीचे पुस्तक निम्मे चघळले. दुसरे तुडवले गेले. दोन्ही शाळेच्या गरीब विद्यार्थ्यांच्या पेटीतली, वर्ष संपल्यावर परत करायची. तो बैल मान कशी हलवत होता ते त्याने करून दाखवले. वर्ग हसला. मीही हसलो. हसता हसता मला दिसले की तो आपली बोटे पुन्हा पुन्हा सदऱ्याला पुसतो आहे.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी मी जिनवर गेलो. आतेभाऊ म्हणाला, "गेला धुळ्याला. मामाची खाणावळ आहे तिथे मोटार स्टँडजवळ. म्हणाला, शाळेची पुस्तकं घालवली, आता कुठल्या तोंडाने जाऊ."

मी हेडमास्तरांना सांगितले. "पुस्तकांचं राहू दे," ते म्हणाले. मधल्या सुट्टीत त्यांनी शिपायाला शेठजींकडे पाठवले. मला विचारले नाही. संध्याकाळी खोकी हातगाडीवरून आली, सकाळी सुतार आला. म्हातारा माणूस, सगळे त्याला नाना म्हणत.

नाना पहिल्यांदा जुन्या कपाटावर हात फिरवत बसला. वाळवीने फळ्या खाल्ल्या होत्या, पण उभे खांब वरच्या बाजूने धड होते. ते त्याने कापून काढले. खोकी आडवी, तोंड बाहेर, एकावर एक रचून खांबांना ठोकली. मोडक्या खोक्यांच्या फळ्या ठिगळाला लावल्या. सगळे विटांवर उचलून ठेवले, खालून डांबर फासले आणि भिंतीपासून वीतभर पुढे ओढले. "वाळवीला भिंतीचा आधार लागतो," तो म्हणाला. "मध्ये जागा सोडली की ती चढताना दिसते. दिसली की मारता येते." मी शिक्क्याबद्दल विचारले. नानाने एक खोके उचलून फिरवले; शिक्का आत गेला. "झालं," तो म्हणाला. "कुठल्या देशाचं लाकूड ते वाळवी विचारत नाही, भाऊ. खिळाही विचारत नाही."

दारे करायला लाकूड नव्हते. तेव्हा ड्रॉइंग मास्तरांनी आपली पेटी उघडली. प्रत्येक खोक्याच्या तोंडावर सुतळी ताणली आणि तिच्यावर एकेक चोळीचा खण पडद्यासारखा टांगला. कुलूप नाही, कडी नाही. चोऱ्या होतील असे हेडमास्तरांना वाटले. झाल्या नाहीत. मुले आपापले खोके खणाच्या रंगावरून ओळखू लागली, आणि दुसऱ्याच्या खोक्याला हात लावायचा म्हणजे कुणाच्या तरी आईच्या चोळीचे कापड उचलायचे. आमच्यातल्या सगळ्यात द्वाड मुलालाही ते जमले नाही.

हे सगळे व्हायला दोन दिवस लागले.

त्याच आठवड्यात पहूरकडचा गाडीवान शाळेच्या दारात उभा राहिला. जिनवर त्या वेळी आतेभाऊही भेटेना, म्हणून तो मला शोधत आला होता. मित्राच्या घरी तो धुळ्याला गेल्याचे अजून कळलेले नव्हते. भाकऱ्यांचे गाठोडे त्याने माझ्याकडे दिले. "आईनं यात खण पण घातलाय. शाळेत सगळ्या बाया देतात म्हणे. तिला मीच सांगितलं, बाजारात ऐकून."

दुसऱ्या दिवशी मी धुळ्याच्या मोटारीत बसलो. पारोळ्यापर्यंत धूळ, पुढेही धूळ. मांडीवर गाठोडे. वाटेत मी एक भाषण तयार केले: हेडमास्तरांनी पुस्तकांचे सोडून दिले आहे, खोके तयार आहे, त्याला चोळीच्या खणाचा पडदा आहे, परीक्षेला अजून वेळ आहे, चल.

तो खाणावळीच्या मागे भांडी घासत होता. मला पाहून त्याला खरोखर आनंद झाला. त्याने हात राखेने, मग पाण्याने धुतले, कोरडे केले, आणि मगच गाठोड्याला लावले. खण वर निघाला तसा तो थोडा वेळ घडीकडे पाहत राहिला. मामाला सांगून तो मला पांझरेच्या पात्रात घेऊन गेला. पाणी एका बाजूला, बाकी सगळी वाळू.

मी माझे भाषण म्हणून टाकले. तो ऐकत होता.

"किती दिवस लागले?" त्याने विचारले.

"कशाला?"

"खोकी ठोकायला."

मला खोटे बोलता आले असते. "दोन."

"दोनच?"

"दोन."

"आणि शिक्का?"

"आत फिरवला."

तो हसला. मला वाटले आता तो शिव्या देईल. मी त्यासाठीच आलो होतो असे आज वाटते. त्याने दिल्या नाहीत. म्हणाला, "लेका, पहिल्याच दिवशी फिरवायचा ना." एवढेच. त्यानंतर मला त्याच्याकडे पाहता येईना.

परत येणार नाही, हे त्याने फार शांतपणे सांगितले. मामाने ठेवून घेतले आहे, मामाकडे माणूस नाही. हेडमास्तर मोठे आहेत, ते सोडून देतील, पण पेटीतली ती दोन पुस्तके पुढच्या वर्षी कुणाला तरी लागणार होती. "या वर्षी नाही," तो म्हणाला. पुढच्या वर्षाबद्दल मी विचारले नाही. त्याने खण माझ्या हातात दिला. "हा तिथे लाव. आईनं शाळेला दिलाय. माझं खोकं ज्याला मिळेल त्याच्या दाराला."

परतीच्या मोटारीला वेळ होता. आम्ही वाळूत बसलो.  मग त्याने विचारले, "मी इकडे आल्यापासून भूमितीत काय झालं?"

मी काडी घेतली. वाळूत वर्तुळ काढले, जीवा काढली, केंद्र मांडले. मास्तरांनी शिकवले तसे पहिले प्रमेय सांगितले. दुसऱ्याचे पक्ष आणि साध्य सांगून मी थांबलो, तेव्हा त्याने काडी माझ्या हातातून घेतली. आधी चुकला. हाताने वाळू सपाट केली आणि पुन्हा मांडले. कोन जुळले तसा तो मान वर न करता म्हणाला, "अच्छा, असं आहे होय," आणि काडीचे टोक दातात धरून आकृतीकडे पाहत राहिला. वर्गात तो नेहमी असाच बसे.

तिसऱ्याची आकृती काढून झाली होती. काठावरून मामाची हाक आली: जेवायला गिऱ्हाईक आलंय, येतोस का राहतोस तिथेच.

"आलो मामा," तो ओरडला. उठून त्याने धोतराची वाळू झटकली. निघताना आकृतीवर पाय पडू नये म्हणून तो लांबून वळसा घालून गेला.

मी तिथेच बसून होतो. त्या दिवशीची मोटार चुकली.